दमले की ते गातात

इरा आणि नील,

तुम्ही दोघांनी मिळून पाठवलेली प्रश्नांची यादी मिळाली. अकरा प्रश्न आहेत आणि नीलने त्यांना क्रमांक घातले आहेत. घरात कुणाला तरी माझं वळण लागलं हे पाहून बरं वाटलं. आजी, तू जिना कधी चढणार? पोळ्या कधी लाटणार? चालताना हृदय पुन्हा पळायला लागलं तर काय करणार? शेवटचा प्रश्न इराचाच असणार : तुला भीती वाटते का?

इकडे आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक तीन वर्षं मागे लागले आहेत, की तुमच्या नोकरीवर काहीतरी लिहा. तेव्हा एकाच लेखात दोन्ही कामं उरकते. संपादकांना अनुभव मिळतील, तुम्हाला उत्तरं. क्रमवार मिळतील असं मात्र नाही.

तुमची आजी बडोद्याच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीची शेवटची पंधरा वर्षं माझ्याकडे हृदयाचे रोगी होते, आणि त्यांतले काही असे, ज्यांना आता मला झालं तेच झालं होतं. हृदयात विजेची एक ठरलेली वाट असते. काही जणांना जन्मतःच तिला एक जादा गल्ली फुटलेली असते. वीज त्या गल्लीत शिरली की गोल गोल फिरत राहते आणि हृदय धावत सुटतं. माणूस बिचारा खुर्चीत बसून पेपर वाचत असतो. डॉक्टर जांघेतल्या शिरेतून बारीक तारा आत नेतात, ती गल्ली शोधतात आणि उष्णतेचा चटका देऊन बंद करून टाकतात. छाती उघडत नाहीत. दुसऱ्या दिवशी माणूस चालतो. त्या काळी आमच्या हॉस्पिटलात हे होत नसे. लोक मुंबईहून किंवा अहमदाबादहून करून यायचे, आणि पुढचं चालणं-फिरणं माझ्याकडे.

गल्ली बंद झाली हे हृदयाला लगेच कळतं. माणसाला कळायला काही महिने लागतात. तो मधला काळ माझ्या खात्यात.

सूचना सोप्या असत. काही दिवस उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही, जांघेतली जागा भरू द्यायची. चालणं मात्र लगेच सुरू, रोज थोडं वाढवत. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटेल. डॉक्टरांनी तपासून काळजी नाही म्हटलं असेल, तर घाबरायचं नाही. एवढंच. पण एवढंच कुणालाही जमत नसे. वाघोडियाच्या एका कारखानदाराने पहिल्या दिवशी मला चालायच्या मशीनची किंमत विचारली, "बेन, आ मशीन केटलानुं?" आणि चौथ्या दिवशी घरी स्वतःची ट्रेडमिल आणवून तिच्यावर टॉवेल वाळत घातले. करजणची एक सून होती, गोड, अबोल. पंधरा दिवसांत ठणठणीत झाली. शेवटच्या दिवशी दार लावून घेऊन हळूच म्हणाली, "बेन, जड उचलायचं नाही हे अजून दोन महिने लिहून द्या ने. सासूबाई आता स्वतः पाण्याचे हंडे भरतात. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच मी दुपारी झोपते." नियमात बसत नव्हतं. मी लिहून दिलं. माझ्या अक्षरातलं ते एकमेव खोटं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

वाटतं ते विनायकबुवांबद्दल.

विनायकबुवा दांडिया बाजारात राहायचे. दिवसा कचेरीत कारकुनी केली, ती संपली. कीर्तन मात्र बापापासून चालत आलेलं. त्यांच्या गल्लीतल्या राममंदिरात रामनवमीचं कीर्तन चाळीस वर्षं त्यांचंच. तुम्ही कीर्तन पाहिलेलं नाही म्हणून सांगते. कीर्तनकार दीड-दोन तास उभा असतो. आधी पूर्वरंग, त्यात निरूपण. मग मध्यंतर : लोक नामाचा गजर करतात, बुवांना हार घालतात. मग उत्तररंग, त्यात गोष्ट. बोलायचं, गायचं, झांज वाजवत तालावर पावलं टाकायची, आणि रामनवमीला हे सगळं अशा बेताने आणायचं, की बरोबर बाराच्या ठोक्याला रामजन्म व्हावा आणि पाळणा हलावा. कीर्तनकार ज्या जागेवर उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. गादी म्हणत असले तरी तिच्यावर बसत नाहीत.

आधीच्या वर्षी बुवा बसले होते. बाराला पाच मिनिटं असताना हृदय पळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ते त्या गादीवर खाली बसले. पुजाऱ्याने पाळणा तसाच हलवला. नंतर निदान झालं, मुंबईला जाऊन ती गल्ली बंद करून आले, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. पण मंदिराच्या विश्वस्तांनी निरोप धाडला : बुवांनी आता त्रास घेऊ नये, यंदा चांगली कॅसेट लावू. तेव्हा सगळीकडे कॅसेट आणि मोठे स्पीकर आलेच होते. बुवा माझ्या खोलीत आले तेव्हा माघ लागला होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "शालिनीबेन, मला बरं करू नका. ते मुंबईत झालं. मला रामनवमीला उभं करा."

मागे त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, नलूवहिनी. लहानखुऱ्या, हातात पाण्याची बाटली. त्यांना मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही बाहेर बसा, इथे जागा कमी आहे." हे वाक्य मला अजून शब्दशः आठवतं.

आमच्या खोलीत एक नवी परदेशी ट्रेडमिल होती. आयात खुली झाली तेव्हा आली. तिचा आम्हाला इतका अभिमान, की रात्री तिच्यावर चादर घालायचो. तिच्यावर रोग्याला चालवताना एक सोपी कसोटी वापरायची. ती माझ्या इंग्रजी पुस्तकांत होती आणि आजही शिकवतात : चालताना माणसाला बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. बोलता येत नसेल तर वेग जास्त. गाता येत असेल तर वेग कमी, वाढवा.

बुवांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिचकावले. "म्हणजे मला गाता येईनासं झालं की तुम्ही खूश?"

पहिले आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी मी वेग थोडा वाढवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "बुवा, गाता येतंय?" त्यांनी गायला सुरुवात केली.

मुलांनो, ती सकाळ मला नीट सांगता येणार नाही. खिडकीबाहेर माघाचं धुकं होतं, वडाच्या पारंब्या त्यात अर्ध्या बुडालेल्या. मशीनचा पट्टा घरघरत होता आणि त्या घरघरीलाच षड्ज मानून बुवा गात होते. आवाज कुठे थरथरला नाही, कुठे तुटला नाही. मी वेग वाढवला. ते गात राहिले. पुन्हा वाढवला. दारात परिचारिका येऊन उभ्या राहिल्या, शेजारच्या खोलीतला एक रोगी काठी टेकत आला. मी, जिने कधी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, मॉनिटरकडे पाहायचं विसरले. मला वाटत होतं ही खोली हळूहळू जमिनीवरून उचलली जाते आहे.

मग गाणं थांबलं. बुवांनी दांडी धरली होती आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

डॉक्टर धावत आले. तपासलं. जुना आजार परतला नव्हता; फक्त फार झालं होतं, पेलेल त्यापेक्षा खूप जास्त. अर्ध्या तासात नाडी जागेवर आली. पण बुवा छताकडे पाहत म्हणाले, "तेच झालं, बेन. गेल्या नवमीचंच." मी रजिस्टरमध्ये नाडी लिहिली, रक्तदाब लिहिला, वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

रोग्याच्या घरी जायचं नाही असा माझा नियम होता. दहाव्या दिवशी मी दांडिया बाजारात गेले.

सतरा पायऱ्यांचा जिना. वर बुवा खिडकीपाशी बसले होते. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, आणि पायाचा अंगठा जमिनीवर ताल देत होता. मला पाहून ते थांबले नाहीत. "आत्ता अकराव्या मात्रेला एक गेली," म्हणाले. "सकाळपासून सात गेल्या."

"बुवा, ते चुकलेले ठोके निरुपद्रवी आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय. मोजू नका."

"जन्मभर समेवर यायला शिकलो. आता म्हणता, मोजू नका."

दुसऱ्या कुणाला चुकलेला ठोका दिवसातून एखादा जाणवला असता. या माणसाच्या कानातून एकही सुटत नव्हता. मी नेहमीचंच बोलायला लागले, कसोटी, वेग, गाता येत होतं म्हणून मी वाढवलं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि मध्येच थबकल्या.

"तुम्ही त्यांना गायला सांगत होतात?"

"हो. गाता आलं म्हणजे दम लागलेला नाही."

"अहो बाई," वहिनी कप खाली ठेवत म्हणाल्या, "दमले की तर ते गातात."

"म्हणजे?" मी विचारलं.

"निरूपणात श्वास कुठे घ्यायचा ते आपलं आपण शोधावं लागतं. पदात तो आधीच ठेवलेला असतो, लहानपणापासूनचा. छातीत वारा उरला नाही की बोलणं सोडून ते पदावर जातात. लोकांना वाटतं बुवा रंगले. मी तीस वर्षं खाली बसून बघतेय. पद जागेच्या आधी आलं की मी ओळखते, आता पाणी न्यायचं."

बुवा खिडकीतून वळले. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

चहा तसाच राहिला. माझी कसोटी पुस्तकात बरोबर होती आणि या माणसाच्या बाबतीत नेमकी उलटी. गाणं आलं की मी वेग वाढवत होते. ज्या बाईला हे माहीत होतं तिला मी जागा कमी आहे म्हणून बाहेर बसवलं होतं.

मी विचारलं, "वहिनी, उद्या सकाळी तुम्ही आमच्याबरोबर चालाल का?"

डॉक्टरांची परवानगी घेतली. दुसऱ्या दिवसापासून ट्रेडमिल बंद, कमाटीबाग सुरू. नियम एकच ठेवला : चालताना बुवांनी मला गोष्ट सांगायची, साध्या बोलण्यात. गावंसं वाटलं की बाक शोधायचा. आणि मनगटाला हात लावायचा नाही. म्हणून हातांत झांजा द्यायचं ठरलं. वाजवायच्या नाहीत, नुसत्या धरायच्या.

त्या दीड महिन्यातल्या सकाळी मला एकाच लांब सकाळीसारख्या आठवतात. बागेतल्या प्राणिसंग्रहालयातला सिंह उजाडताना डरकाळी फोडायचा आणि मोर त्याला उत्तर द्यायचे. मुलांच्या छोट्या आगगाडीचे रूळ दवाने ओले असायचे. बुवा सांगायचे, वडील करजणपर्यंत चालत कीर्तनाला कसे जायचे, वाटेतल्या विहिरी कोणत्या, कोणत्या गावात ऐकायला फक्त एक म्हातारा आणि एक कुत्रा आला होता तरी वडिलांनी कीर्तन पुरं कसं केलं. वडील एका गावाहून दुसऱ्या गावाला निघाले की आम्हीही एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जायचो. वहिनी पाच पावलं मागे. मध्येच बुवांची वाक्यं आखूड व्हायची, मग त्यांत लय यायची, मग एखादा सूर. की मागून आवाज यायचा, "अहो, बाक."

बुवा बाकावर टेकले की मी नाडी मोजायची. एकदाही वहिनींचं चुकलं नाही. माझ्या बोटांच्या अर्धा मिनिट तरी आधी त्यांना कळायचं.

पुढे मी प्रत्येक रोग्याच्या घरच्यांना विचारू लागले : हे दमले की काय करतात? कुणी जास्त नम्र होतं, कुणी जुनी भांडणं उकरतं. माझं काय होतं, ते तुमच्या आजोबांनी त्याच वर्षी मला जेवताना सांगितलं. "तू? तू दमलीस की इंग्रजीत बोलतेस. कॉन्व्हेंटातली तयार वाक्यं, विचार करावा लागत नाही." मला राग आला आणि मी इंग्रजीतच नाही म्हणाले.

फाल्गुन संपेपर्यंत बुवा बागेच्या दोन फेऱ्या एका दमात बोलत पुऱ्या करत होते. विश्वस्तांना मी हॉस्पिटलच्या कागदावर पत्र लिहिलं, त्यांनी कॅसेट बाजूला ठेवली. राहिला प्रश्न दीड तासाचा. मी म्हटलं गादीजवळ एक स्टूल ठेवू. बुवा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

"उभं करा म्हणून आलो होतो तुमच्याकडे. बसायला मला गेल्या वर्षीच येत होतं."

मग तोडगा मी काढला. पद जागेच्या आधी आलं, तर वहिनींनी खालून नामाचा गजर उचलायचा. लोक साथ देतील, दोन मिनिटं बुवांना उभ्या उभ्या श्वास मिळेल. वहिनींनी तोंडावर पदर धरला. "गजर बुवांनी उचलायचा असतो. बायकांच्या बाजूने कधी कुणी उचललाय? लोक काय म्हणतील?" ठरलं असं झालं नाही, मोडलं असंही नाही.

रामनवमीला मंदिर भरलं होतं. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना माहीत, म्हणून जास्तच. मी वहिनींच्या शेजारी बसले. पूर्वरंग उत्तम झाला. मध्यंतरात हार घातले, बुवा पाणी प्यायले. उत्तररंग सुरू झाला. साडेअकरा. पावणेबारा. बुवा राजवाड्यातल्या दासींची धावपळ सांगत होते, लोक हसत होते. मग त्यांचं एक वाक्य आखूड झालं. पुढचं त्याहून आखूड. आणि ते गायला लागले.

लोक डोलू लागले. तबलजी चकित झाल्यासारखा त्यांच्याकडे पाहत ठेका शोधू लागला, कारण या जागी पद नव्हतंच. बुवांचा एक पाय गादीच्या कडेकडे सरकला. गेल्या वर्षी इथूनच खाली गेले होते.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी नुसती मान हलवली. मला गजर उचलता आला असता तर मी उचलला असता, पण मला दोन सूरही धड लागत नाहीत.

आणि वहिनींनी नाम घेतलं. बारीक, कोरडा आवाज. पुरुषांच्या बाजूच्या माना वळल्या; कुणीतरी "कोण आहे?" म्हणालं. त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं, आता थोडं वर. एका म्हाताऱ्या बाईने टाळी धरली, मग आमच्या ओळीने, मग सगळ्या बायकांनी, आणि शेवटी पुरुषांना यावंच लागलं. तबला गजरावर आला. बुवा गायचे थांबले. डोळे मिटून, झांजा छातीशी धरून ते उभे राहिले. उभे. मी त्यांच्या खांद्यांकडे पाहत होते. आधी भरभर वरखाली होत होते, मग सावकाश. मंदिर त्या गजरात झोक्यासारखं हलत होतं.

त्यांनी हात वर केला. गजर थांबला. सगळ्यांना वाटलं आता ते मोठं पद घेणार. बुवांनी डोळे उघडले आणि नेहमीच्या बोलायच्या आवाजात, सावकाश, एक लांबलचक वाक्य सांगितलं, चांगलं चार ओळींचं, मध्ये कुठे न अडखळता. माझे डोळे भरून आले. आसपासच्या बायकांना वाटलं रामजन्मामुळे.

बाराला पाळणा हलला. बुवा उभे होते.

सुंठवडा वाटून झाल्यावर ते आमच्याजवळ आले, घामाने भिजलेले. "शालिनीबेन, मधला गजर कुणाचा हो? आवाज आमच्या घरातला वाटला."

"घरातलाच होता," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं तिथेच होता."

त्यानंतर बुवा आणखी नऊ रामनवम्या उभे राहिले, आणि प्रत्येक वेळी, गरज असो नसो, बाराच्या थोडं आधी वहिनींनी गजर उचलला. दोघंही आता नाहीत. माझी रजिस्टरं हॉस्पिटलात कुठेतरी असतील. त्यांत बुवांची नाडी आहे, रक्तदाब आहे, त्या वाईट सकाळची वेळसुद्धा आहे. वहिनींचं नाव कुठेच नाही. तसा रकाना नव्हता, आणि मी आखलाही नाही.

आता तुमची उत्तरं. जिना चढते. पोळ्या लाटते, चार. समा भागातल्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी फेऱ्या घालते. ठोका चुकतो, मी मोजत नाही. म्हणजे फारसा नाही. भीती वाटते. पहिले तीन आठवडे मी, जिने शेकडो लोकांना जिना चढवला, घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

पहिल्यांदा लांब गेले ती यंदाच्या रामनवमीला, त्याच मंदिरात. रिक्षातून उतरले, पायऱ्या चढले, बायकांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कीर्तनकार नवा होता, पुण्याहून आलेला, तरुण. बाराला दहा मिनिटं असताना तो रंगात येऊन गोष्ट सांगत होता, आणि एकदम बायकांतून एका मुलीने गजर उचलला. खणखणीत आवाज. कीर्तनकार बिचारा गोंधळून थांबला. सगळं मंदिर गजरात सामील झालं, जणू हेच व्हायचं होतं.

गजर संपल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "तू मध्येच का उचललास गं?"

"आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे, आजी," ती म्हणाली. "इथली प्रथा छे ने. जन्माच्या आधी गजर बाईनेच उचलायचा. खूप जुनी आहे."

मी तिला खरं कारण सांगायला तोंड उघडलं. पहिलं वाक्य इंग्रजी आलं. दुसरंही.

मी भिंतीला टेकून खाली बसले, आणि तिला म्हटलं, पाणी दे.